मन वजा करून

व्यसन सोडवण्याच्या नव्याजुन्या उपायांबद्दल कुणी मत विचारलं की माझं एक ठरलेलं वाक्य असायचं : ‘हा नुसता मनाचा खेळ आहे.’ संमोहन असो, अंगारा असो, पंढरीची माळ असो की अमेरिकेतल्या भ्रम निर्माण करणाऱ्या अळिंब्या, सगळ्यांना हे एकच माप. हल्ली ते वाक्य मी वापरत नाही. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या मित्रांना याचं कारण तोंडी सांगायला गेलं की वाद पेटतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहायला बसलो.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीविरोधात गावोगाव कार्यक्रम केले. त्या कार्यक्रमांत एक गोष्ट मी हमखास सांगायचो. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करण्याचा दावा करत होता. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशीसाठी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होता आणि आम्हा रसायनवाल्यांचं दैवत लाव्हाझिएही होता. फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड ‘भारून’ ठेवलं, डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडाझाडांपाशी नेलं, आणि तो भलत्याच झाडाजवळ बेशुद्ध पडला. समितीचा निष्कर्ष असा, की कल्पना असली तर चुंबकत्वाशिवायही परिणाम होतो, आणि कल्पना काढून घेतली तर चुंबकत्वाने काहीच होत नाही. आजचं संमोहन याच मेस्मरच्या वंशातलं, असं म्हणून मी टाळ्या घ्यायचो.

त्या गोष्टीचं शेपूट मात्र मी सांगत नसे. मेस्मरचा सहकारी देलाँ याने याच वादात विचारलं होतं, की कल्पनेने माणूस बरा होत असेल तर कल्पनेनेच उपचार का करू नयेत? हरणाऱ्याची पळवाट म्हणून मी तो प्रश्न सोडून द्यायचो. माझा नियम साधा होता. उपचाराच्या परिणामातून मनाचा भाग वजा करा. खाली काही उरलं तर ते औषध, शून्य उरलं तर थोतांड. न्यूमोनियाला, मधुमेहाला, सर्पदंशाला हा नियम मी आजही तसाच लावतो. व्यसनाच्या बाबतीत तो अपुरा पडतो, असं माझं आता मत झालं आहे. आणि ते व्हायला कुठलंही अध्यात्म कारणीभूत नाही. सुरुवात माझ्या लाडक्या औषधापासूनच झाली.

ते औषध म्हणजे डायसल्फिराम. चाळीसच्या दशकात डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक ते जंतांवरचं औषध म्हणून अभ्यासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर थोडी दारू पोटात जाताच दोघांची अवस्था वाईट झाली. वर्गात हे शिकवायला फार मजा यायची. शरीरात अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड होतं आणि त्याचं पुढे असिटिक आम्ल. डायसल्फिराम या दुसऱ्या पायरीवरचं विकर अडवतं. असिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. फळ्यावर बाण काढून मी म्हणायचो, ‘बघा, इथे मनाला जागाच नाही.’

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या औषधाच्या चाचण्या मुळातून वाचल्या. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ६०५ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला पूर्ण मात्रा, म्हणजे २५० मिलिग्रॅम दिली. दुसऱ्याला फक्त १ मिलिग्रॅम, म्हणजे नावापुरती. तिसऱ्याला नुसतं जीवनसत्त्व. वर्षभर दारू पूर्ण बंद ठेवणाऱ्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. उलट कुठल्याही गटात जे नेमाने गोळी घेत राहिले, तेच जास्त टिकले. २०१४ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. आपण काय घेतोय हे रुग्णाला ठाऊक होतं अशा चाचण्यांत डायसल्फिरामचा चांगला फायदा दिसला. ठाऊक नव्हतं अशा चाचण्यांत तो दिसला नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, आणखी एक थोतांड पकडलं. पण मग कारण ध्यानात आलं. आपण डायसल्फिरामवर आहोत असं वाटणारा माणूस दारूला हात लावत नाही. ज्याला बनावट गोळी मिळाली तोही भितो, ज्याला खरी मिळाली तोही भितो, म्हणून दोघे सारखेच वागतात. औषध यशस्वी झालं की फळ्यावरची ती अभिक्रिया शरीरात घडतच नाही. ती घडते फक्त अपयश आल्यावर. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं, डॉक्टर लिहून देतात ते औषध काम करतं धाकाने. रसायन त्या धाकाला खरेपणा देतं. मन वजा केलं तर माझ्या नियमाने हेही थोतांड ठरतं.

याच्या उलट बाजूने माझं एक जुनं मत आणखी पक्कं झालं. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असतं हे विकणाऱ्यालाच माहीत. काही घरांतून तर डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून जेवणात मिसळतात. एका कार्यक्रमानंतर एक बाई बाजूला थांबल्या होत्या. गर्दी पांगल्यावर म्हणाल्या, “सर, आमटीत टाकली तर कळत नाही ना?” मी सांगितलं, “ताई, त्यांना माहीत नसेल तर ते नेहमीसारखेच पिणार. मग ही गोळी जिवावर बेतू शकते, हृदय कमजोर असेल तर जास्तच.” त्या लगेच म्हणाल्या, “आणि सांगून कोण घेतंय हो?”

मला उत्तर सुचलं नाही. पण त्या प्रश्नात व्यसनाच्या उपचाराची खरी अडचण होती आणि ती रसायनाची नव्हती. माणसाने स्वतःहून हात पुढे करावा आणि नंतर तो मागे घेऊ नये, एवढंच सगळं काम आहे. त्या कामात मदत करणारी गोष्ट मनातून काम करते म्हणून तिला उणे गुण द्यायचे, तर मग मोजायचं काय?

यानंतर मी माळेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमचा मामेभाऊ बापू पक्का पिणारा. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायचा आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मोडायचा. एका आषाढीला त्याने माळ घातली आणि सुटला. मी त्याला डिवचायचो, की तुळशीच्या लाकडात असं काय रसायन आहे ते मला दाखव. तो एकदा शांतपणे म्हणाला, “मन्यात काय न्हाई, ते मलाबी कळतंय की. पर आता मला कोन पाजत न्हाई.”

मी त्याला भाबडा समजत होतो, आणि तो स्वतःच्या उपचाराची कार्यपद्धती सांगत होता. स्वयंपाकघरातली शपथ बायकोखेरीज कुणाला माहीत नसते. गळ्यातली माळ सगळ्या गावाला दिसते. ग्लास पुढे करणारा हात आपोआप मागे जातो, ‘त्याला नको रे, माळकरी आहे तो.’ संध्याकाळी गुत्त्याऐवजी भजनाला जायला जागा मिळते. दर पंधरवड्याला एकादशी येते, वर्षाला वारी येते, आणि प्रत्येक वेळी त्याच माणसांत उभं राहावं लागतं. यात विठ्ठल आहे की नाही, या वादात मी आजही माझ्याच बाजूला आहे. पण या सगळ्याला ‘नुसती समजूत’ म्हणणं म्हणजे निम्मं निरीक्षण गाळणं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभांबद्दलही तसंच. त्यांच्या बारा पायऱ्यांतला ईश्वर मला खटकायचा. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त माणसांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या सभांशी जोडणारे कार्यक्रम इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस निघाले. कॉक्रेनचे आढावे मी बुवांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरत आलो आहे. मग इथे तोंड फिरवणं मला जमेना.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या इतिहासाने मला आणखी पुढे, नको त्या दारात नेऊन उभं केलं. संस्थापक बिल विल्सन १९३४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये भरती होता. तिथल्या उपचारात बेलाडोना द्यायचे. ही आपल्या धोतऱ्याच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिने भ्रम होतात. तिथे त्याला खोलीभर प्रकाश दिसला, आणि त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही. पुढच्या वर्षी अॅक्रन गावात डॉ. बॉब स्मिथबरोबर त्याने ही चळवळ उभी केली. १९५६ मध्ये याच विल्सनने लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेतलं. ज्यांना कुठलीच श्रद्धा साधत नाही अशा पिणाऱ्यांना याचा उपयोग होईल, असं त्याला वाटू लागलं. त्याचे सहकारी अर्थातच हादरले.

त्याच सुमारास कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि अब्राम हॉफर हे डॉक्टर दारूच्या रुग्णांना एलएसडी देत होते. त्यांची मूळ कल्पना धाकाचीच होती. दारू तुटताना कंप आणि भास होऊन काही जणांना अद्दल घडते, तसाच अनुभव औषधाने मुद्दाम द्यावा. पण रुग्ण घाबरले नाहीत. आपण आपल्या आयुष्याकडे बाहेरून पाहिलं, असं ते सांगू लागले. डॉक्टरांनी मग खोली, सोबत, बोलणं यांवर भर दिला आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण सुधारल्याचे दावे केले.

टोरांटोच्या संशोधकांनी ठरवलं, की हे नीट तपासू या. तीस रुग्ण घेतले. काहींना एलएसडी, काहींना दुसरं औषध, काहींना काहीच नाही. फक्त औषधाचाच परिणाम मोजायचा म्हणून आजूबाजूचं शक्य तेवढं काढून टाकलं. रुग्णाला पलंगाला पट्ट्याने बांधलं. १९६६ मध्ये निकाल आला, की एलएसडीचा वेगळा फायदा नाही. जुना मी या चाचणीला आदर्श म्हणालो असतो. आज वाचताना वाटतं, त्यांनी प्रामाणिकपणे माझाच नियम पाळला, आणि त्या नियमाने ज्याची परीक्षा घ्यायची होती तेच खोलीबाहेर ठेवलं.

म्हणून मी एलएसडीचा भक्त झालो, असं कुणी समजू नये. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी त्या काळच्या सहा नियंत्रित चाचण्या, एकूण ५३६ रुग्ण, एकत्र तपासल्या. एकाच मात्रेनंतर सुधारलेले एलएसडी गटात ५९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के. फरक खरा होता, पण वर्ष उलटेपर्यंत तो विरून गेला. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून सायलोसायबिनची, म्हणजे त्या अळिंब्यांतल्या द्रव्याची, चाचणी प्रसिद्ध झाली. ९३ रुग्ण, बारा आठवडे मानसोपचार आणि मध्ये दोन दिवस औषध. पुढच्या बत्तीस आठवड्यांत बेसुमार पिण्याचे दिवस सायलोसायबिन गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के. हा दुसरा गट ॲलर्जीवरची साधी गोळी घेत होता. मानसोपचार दोघांनाही होते आणि पिणं दोघांचंही आधीपेक्षा बरंच उतरलं होतं. आपल्याला काय मिळालं हे नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांनी बरोबर ओळखलं. सहा तास भिंती श्वास घेताना दिसत असतील तर कोण ओळखणार नाही?

म्हणजे इथे मन वजा करणं अशक्यच आहे. त्यावरून ‘सिद्ध झालं’ म्हणणारे घाई करतात आणि ‘बाद’ म्हणणारेही. हे औषध बारा आठवड्यांच्या कामात एक ढकल देतं, ते काम स्वतः करत नाही, एवढंच मला या आकड्यांतून म्हणता येतं.

संमोहनाच्या बाबतीत मी पूर्वीइतकाच कडक आहे, कारण मात्र बदललं आहे. धूम्रपान सोडण्यासाठीच्या संमोहनावर कॉक्रेनने २०१९ मध्ये १४ अभ्यास, १९२६ माणसं तपासली. इतर समुपदेशनापेक्षा किंवा आपलं आपण सोडण्यापेक्षा ते सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. पूर्वी मी म्हणायचो, की संमोहन ‘मनाचा खेळ’ आहे म्हणून फसतं. आता माझा अंदाज असा, की तो खेळ तासाभरात आटोपतो म्हणून फसतो. रुग्ण डोळे उघडून फी भरतो, आणि खाली पानटपरी त्याच जागी असते. बापूच्या माळेला जे गाव मिळालं ते या खुर्चीला मिळत नाही. ‘एका बैठकीत सिगारेट सुटेल’ अशी पाटी दिसली की मी आजही वाट वाकडी करून आत जातो आणि विचारतो, सहा महिन्यांनी किती जणांची सुटलेली होती, त्याची वही दाखवा.

मनाला जागा दिली म्हणून शरीराचे नियम सुटत नाहीत, हेही इथेच सांगितलं पाहिजे. गॅबनमधल्या ब्विती पंथात इबोगा झुडपाच्या मुळाची साल खातात. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी तरुणाने तिच्यातलं इबोगेन घेतलं आणि आपली तलफ मेल्याचं सांगितलं. पुढे परदेशी दवाखान्यांतून त्याचा धंदा सुरू झाला. पण इबोगेन हृदयाची लय बिघडवतं. १९९० ते २००८ या काळात ते घेतल्यावर सुमारे तीन दिवसांत झालेल्या १९ मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. माळेलाही एक अट लागू आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे बाटली फोडून एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन तो मरूही शकतो. तेवढे दिवस दवाखाना, झटके टाळणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व लागतं. त्यानंतर खुशाल वारीला जावं.

हे सगळं ऐकून चळवळीतला माझा तरुण सहकारी चिडतो. “सर, उद्या प्रत्येक बुवा म्हणेल, माझ्या अंगाऱ्यानेही मन बदलतं. मग त्याला कशाने अडवणार?” प्रश्न रास्त आहे. मन वजा करून पाहण्याऐवजी मी आता तीन गोष्टी विचारतो. आपल्याला काय दिलं जातंय ते रुग्णाला माहीत आहे का? शरीर बिघडलं तर हाताशी डॉक्टर आहे का? आणि जे पुन्हा प्यायले त्यांची नोंद कोण ठेवतं? आमटीतली पूड पहिल्याच प्रश्नाला नापास होते, इबोगेनचे आडबाजूचे दवाखाने दुसऱ्याला. आणि कुठलाही बुवा तिसऱ्याला पास झालेला मी पाहिलेला नाही. त्याच्याकडे बरे झालेल्यांचीच गर्दी असते. न झालेले आपल्याच नशिबाला बोल लावत घरी बसतात. याउलट पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन हे केंद्र उभारलं. तिथे पुन्हा प्यायलेला माणूस परत येऊ शकतो. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. आणि दाभोलकरांनी अंधश्रद्धेशी लढतानाच व्यसनमुक्तीचं हे काम केलं, हे मी त्या तरुण सहकाऱ्याला मुद्दाम आठवून देतो.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने एलएसडी आणि सायलोसायबिन बंद आहेत. गोव्यात कुणी ‘उपचार’ म्हणून ते विकत असेल तर तो सरळ गुन्हा करतो आहे आणि रुग्णाला एकटं सोडतो आहे. सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराच्या जोडीने आणि सगळे आकडे उघडे ठेवून अशी चाचणी कुणी मागितली, तर माझा विरोध नसेल. पूर्वी मी निवेदनावर पहिली सही केली असती.

पण आपला खरा प्रश्न अळिंब्यांपर्यंत पोचतच नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांना मी ‘पर्यायी उपचार घेऊ नका’ म्हणून सांगतो, तेव्हा त्यांच्यापुढे मूळ उपचारच नसतो. अंगारा उघडा पाडायला मी आजही येईन, हाक मारा. फक्त येण्याआधी एवढं विचारेन, की जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किती लांब आहे, या आठवड्यात तिथे जागा आहे का, आणि त्या माणसाबरोबर जाणार कोण.